एप्रिलचा एक वीकेंड, भाड्याची गाडी आणि सांगलीहून आलेले आई-बाबा: नेदरलँड्समध्ये काय पाहावं, काय सोडावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आइंडहोवनला येऊन तुम्हाला चार-पाच महिने झालेत. एप्रिलमध्ये सांगलीहून आई-बाबा येणार आहेत, सोबत सहा वर्षांची मुलगी आहे आणि आईंचे गुडघे दुखतात. शनिवार-रविवार गाडी भाड्याने घेऊन क्यूकेनहॉफची फुलांची बाग, ॲमस्टरडॅम, झान्से स्कान्सच्या पवनचक्क्या, कालव्यांचं गाव गीथोर्न, आफ्सलाउटडाइक हा समुद्रातला बांध आणि किंडरडाइकच्या पवनचक्क्या हे सगळं दोन दिवसांत बसवायचंय, तर क्रम कसा लावावा? भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येईल का, हेही तुम्ही विचारलंय.

मी अल्मेरेला राहते. भारतातून आलेल्या छोट्या कुटुंबांना गाडीने हा देश दाखवणं हे माझं काम आहे, आणि अशा याद्या माझ्याकडे दर फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. क्रम लावून देणं अवघड नाही. आइंडहोवनहून निघून ही सहा ठिकाणं जोडत परत घरी आलात तर सहाशेच्या आसपास किलोमीटर होतात. रस्ते उत्तम आहेत, गाडी चालवणारा तरुण आहे, जमेलही. पण त्यात पार्किंगच्या रांगा धरा, मुलीची शू-शी धरा, आईंनी दिवसातून दहा वेळा गाडीत चढणं-उतरणं धरा. रविवारी रात्री घरी पोचल्यावर आई-बाबांना या देशातलं काय आठवेल, तर हायवेच्या कडेचे आवाज अडवणारे कठडे.

त्यामुळे क्रमाच्या आधी मला दुसरा प्रश्न सोडवायचाय: गाडी नेमकी कशासाठी घ्यायची? या देशात काही ठिकाणी गाडी म्हणजे लोढणं होतं आणि काही ठिकाणी गाडीवाचून जाताच येत नाही म्हटलं तरी चालेल. तुमच्या यादीत दोन्ही प्रकार मिसळलेत. ते वेगळे केले की निम्मं काम होतं.

ॲमस्टरडॅमला गाडी नेऊ नका. शहरात बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा आहे, मध्यभागातलं पार्किंग खिसा रिकामा करतं आणि सायकली चारी बाजूंनी येतात. आइंडहोवनहून थेट ट्रेन आहे, ती घ्या. झान्से स्कान्सच्या पवनचक्क्यांनाही तिथूनच लोकल ट्रेनने वीस मिनिटांच्या आत पोचता येतं, म्हणजे ही दोन ठिकाणं एका दिवसात, विनासायास, गाडीशिवाय.

क्यूकेनहॉफचंही तेच. बाग सुंदर आहे, यात वाद नाही. ३२ हेक्टरवर सुमारे ७० लाख कंद दरवर्षी नव्याने लावतात, आणि ती वर्षातले जेमतेम आठ आठवडे, मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत उघडी असते. पण एप्रिलच्या शनिवारी लिसे गावाकडे जाणारे अरुंद रस्ते गाड्यांनी तुंबतात. त्यातच एप्रिलमधल्या एका शनिवारी नोर्डवाइक ते हारलेम अशी फुलांच्या रथांची मोठी मिरवणूक निघते, त्या दिवशी त्या भागात गाडी घेऊन शिरू नयेच. लायडनहून आणि स्किपोल विमानतळावरून थेट बस आहेत, बसचं आणि बागेचं एकत्र तिकीट मिळतं. तुम्ही मंगळवार-बुधवारी एक दिवस रजा काढा, बागेत शिरायची वेळ ऑनलाइन सकाळची घ्या, आईंसाठी व्हीलचेअर आधी राखून ठेवा. आतले रस्ते सपाट आहेत, बाबा आरामात ढकलू शकतील. बाग तीन तासांत निवांत होते.

आता उरला गाडीचा वीकेंड. तो पाण्यासाठी ठेवा, असा माझा आग्रह आहे. हा देश म्हणजे मागे सारलेलं पाणी, आणि ते कुठे, कसं, कोणी मागे सारलं हे जिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं त्या जागा स्टेशनांपासून लांब, बांधांवर आणि पोल्डरमध्ये आहेत. पोल्डर म्हणजे भोवती बांध घालून, आतलं पाणी उपसून काढलेली जमीन. अशा ठिकाणी गाडी लागते. सांगलीकर माणसांना तर हे सगळं सांगावंही लागणार नाही. आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आलंय आणि अलमट्टीतून विसर्ग किती चाललाय, हे दर पावसाळ्यात विचारणारी ती माणसं आहेत. २०१९ त्यांनी पाहिलंय.

इथून पुढचं मात्र तुमच्या तारखांवर अवलंबून आहे, आणि तारखा तुम्ही लिहिलेल्या नाहीत.

शेतातले ट्युलिप साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतात. मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला पिवळे नार्सिसस आणि निळी-जांभळी हायसिंथ दिसतात, ट्युलिप नाही. थंडी लांबली तर सगळं आठवडा-दोन आठवडे पुढे सरकतं, ऊन लवकर पडलं तर मागे येतं. आणखी एक गोष्ट पाहुण्यांना कोणी सांगत नाही: शेतकरी हे पीक फुलासाठी नाही, कंदासाठी घेतो. फूल पूर्ण उमललं, रंग तपासून झाला, की यंत्राने त्याची मान उडवतात, म्हणजे सगळा जोर खाली कंदात उतरतो. काल लाल असलेलं शेत आज निव्वळ हिरवं, आणि सरींमध्ये पाकळ्यांचा खच, असं होतं. म्हणून "अमुक गावाजवळ शेत आहे" ही मागच्या वर्षीची माहिती कामाची नाही. शिवाय पीक फिरवत ठेवावं लागतं, त्यामुळे ट्युलिप दरवर्षी वेगळ्या शेतात असतात.

तुमचा वीकेंड १५ एप्रिल ते ५ मे या दरम्यान येत असेल तर उत्तरेला जा. त्याआधी किंवा त्यानंतर येत असेल तर दक्षिणेला, झीलंड प्रांतात. दोन्ही एकाच वेळी करू नका. २७ एप्रिल हा राजाचा वाढदिवस. त्या दिवशी (तो रविवारी आला तर आदल्या दिवशी) गावोगावचे मध्यभाग बाजार आणि गर्दीने बंद असतात, त्याला लागून वीकेंड आला तर हॉटेलं आधीच भरतात. त्याच सुमारास शाळांनाही सुट्टी लागते.

आधी उत्तरेचं सांगते, कारण तुम्हाला ट्युलिप हवेत आणि माझ्या मते ट्युलिप पाहायची सगळ्यात अर्थपूर्ण जागा तिकडे आहे.

शनिवारी सकाळी साडेसातला निघा. ए२, मग ए२७, मग ए६. अल्मेरेपासून पुढे तुम्ही समुद्राच्या तळावरून गाडी चालवत असाल, हे आई-बाबांना तिथेच सांगा. शंभर वर्षांपूर्वी इथे झाउडरझी नावाचा खाऱ्या पाण्याचा समुद्र होता, थेट देशाच्या पोटात शिरलेला. कोर्नेलिस लेली नावाच्या इंजिनिअरने तो बंद करण्याची योजना १८९१ मध्येच मांडली होती. १९१६ च्या पुरानंतर ती सरकारच्या गळी उतरली, १९१८ मध्ये कायदा झाला, १९३२ मध्ये ३२ किलोमीटरचा बांध घालून समुद्राचं तोंड बंद केलं. लेली स्वतः १९२९ मध्येच गेला, त्याला ते पाहता आलं नाही. तुमच्या वाटेवर लेलीस्टाड शहर लागेल, ते त्याच्याच नावाचं. बांधाने समुद्राचं गोड्या पाण्याचं तळं झालं, आणि मग तळ्यातला एकेक तुकडा बांध घालून कोरडा करत गेले. केटेलब्रुख पुलावरून पाणी ओलांडलंत की तुम्ही नूर्डऑस्टपोल्डरमध्ये शिरता. हा तुकडा १९४२ मध्ये कोरडा झाला.

इथे एप्रिलच्या उत्तरार्धात खुणा लावलेला ट्युलिप-मार्ग असतो. त्याचा त्या वर्षीचा नकाशा आदल्या गुरुवारी-शुक्रवारी बघून घ्या. रस्ते फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ, मध्यभागी एमेलोर्ड हे मोठं गाव आणि त्याच्याभोवती दहा खेडी. सायकलने ये-जा करता येईल अशा अंतरावर ती मुद्दाम वसवली. शेतघरंही एकाच साच्यातली. इथे शेती कोणाला द्यायची हे सरकारने अर्ज मागवून, कुटुंबाची पारख करून ठरवलं होतं. बाबांचा शेतीशी संबंध असेल तर ते या भागात गाडीतून उतरायचंच म्हणतील, असा माझा अनुभव आहे.

उतरा, पण रस्त्याच्या कडेला कुठेही नको. कडेची माती मऊ असते, चाक रुततं, आणि पलीकडे लगेच पाण्याचा चर असतो. मार्गावर थांबायच्या जागा केलेल्या असतात, तिथेच थांबा. शेतात पाय टाकू नका, फोटोसाठी दोन ओळींमध्येही नाही. बुटांना लागून रोग एका शेतातून दुसऱ्यात जातात आणि पानं तुटली की कंदाचं नुकसान होतं. शेताच्या बांधावर उभं राहूनही भरपूर दिसतं. पिवळ्या पट्ट्याकडे नीट बघा, मधेच एखादं लाल फूल चुकून आलेलं दिसेल. शेतातून सावकाश, वाकून बघत चालणारी माणसं दिसली तर ती असली भेसळ आणि रोगट झाडं शोधून उपटणारी. विषाणू लागलेल्या झाडाच्या पाकळीवर रंग फुटल्यासारखे फराटे येतात. दिसायला ती पाकळी सुरेखच, पण ते झाड शेतात ठेवलं तर मावा तो रोग सगळीकडे पसरवतो. मुलीला हे शोधायला सांगा, तिचा अर्धा तास मजेत जाईल. ढगाळ, गार सकाळी फुलं मिटलेली असतात, ऊन आलं की उमलतात. म्हणून सकाळी बंद दिसली तर निराश होऊ नका, संध्याकाळी परत एक चक्कर मारा. एप्रिलच्या मध्यात सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो, महिन्याच्या शेवटी नऊच्या आसपास. त्या तिरप्या उन्हात रंग अधिकच उठतात.

दुपारी स्कोकलांड. तुमच्या यादीत हे नाव नाही, आणि दोन दिवसांत एकच जागा दाखवायची झाली तर मी हीच दाखवते. हे पूर्वी समुद्रातलं बेट होतं. लाटा दरवर्षी थोडं थोडं खात गेल्या, लोक दारिद्र्याने गांजले, आणि १८५९ मध्ये राजाच्या हुकुमाने सगळं बेट रिकामं करावं लागलं. सहाशेहून अधिक माणसं घरं मोडून मुख्य भूमीवर गेली. त्यानंतर ८३ वर्षांनी भोवतालचा समुद्रच नाहीसा झाला. आज तिथे गेलात की सपाट शेतांमध्ये एक लांबट, कमरेएवढा-माणसाएवढा उंचवटा दिसतो, तेच बेट. उत्तर टोकाला जुनं बंदर आहे: लाकडी खांब, धक्का, दिव्याची जागा, सगळं जागच्या जागी, आणि खाली पाण्याऐवजी गवत. १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेलं हे नेदरलँड्समधलं पहिलं स्थळ. चालणं फारसं नाही, जमीन सपाट आहे. मधल्या वस्तीवर १८३४ चं छोटं चर्च आणि संग्रहालय आहे, तिथे कॉफी आणि स्वच्छतागृह दोन्ही मिळतं. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या गोष्टी ऐकलेल्या आपल्या माणसांना इथे उलटा प्रकार दिसतो, गाव आधी गेलं आणि पाणी नंतर हटलं. माझे पाहुणे त्या धक्क्यावर बराच वेळ उभे राहतात. त्यांना घाई करू नये.

तिथून पंधरा-वीस मिनिटांवर उर्क. हेही बेटच होतं, १९३९ मध्ये बांधाने जमिनीला जोडलं. पण इथली वस्ती टिकली, आणि मासेमारीही. दीपगृहाजवळ समुद्राकडे पाहणाऱ्या बाईचा पुतळा आहे आणि भोवती बुडालेल्या मच्छीमारांची नावं कोरलेली आहेत. बंदरावर तळलेल्या माशाचे गरम तुकडे मिळतात, त्याला किबेलिंग म्हणतात. मुलं आवडीने खातात, फारसं तिखट-मीठ नसतं. उर्क शनिवारीच करा. गाव अतिशय धार्मिक आहे, रविवारी दुकानं बंद आणि लोक चर्चमध्ये. त्या दिवशी तिथे पर्यटकासारखं हिंडणं त्यांनाही बरं वाटत नाही.

मुक्काम एमेलोर्ड, लेमर किंवा स्टेनवाइकला. गीथोर्नमध्येच राहायचा हट्ट नको, एप्रिलमध्ये महाग पडतं. हॉटेल घेताना एक गोष्ट लेखी विचारा: लिफ्ट आहे का, नसेल तर तळमजल्यावर खोली मिळेल का? डच जिने शिडीसारखे उभे असतात, पायरीवर अख्खं पाऊल मावत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तोच जिना सहलीतला सगळ्यात कठीण भाग ठरतो.

रविवारी एकच निवड करायची आहे, ती आई-बाबांना विचारून करा. बोटीची हौस असेल तर सकाळी नऊला गीथोर्न गाठा. जुन्या गावात रस्ता नाही, कालवे, पायवाटा आणि घरोघरी जाणारे कमानदार लाकडी पूल. हे पूल चढणं-उतरणं आईंना नको, म्हणून सरळ विजेवर चालणारी छोटी बोट घ्या. ती चालवायला परवाना लागत नाही, दीड तास पुरे. हे कालवे शोभेसाठी खणलेले नाहीत. जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीची काळी माती, खणून काढली, ती वाहून न्यायला चर पाडले, आणि गाव त्या चरांवर उरलं. अकराच्या आत निघा, कारण त्यानंतर कालव्यात बोटींना बोटी लागतात. बोटीत रस नसेल, किंवा बाबा यंत्रांत रमणारे असतील, तर त्याऐवजी लेमरजवळचं वाफेवर चालणारं पाणी उपसण्याचं केंद्र बघा, त्याचं नाव वाउडाखेमाल. १९२० चं आहे, अजून चालू स्थितीत, आणि फ्रीसलंड प्रांतात पाणी फार चढलं तर आजही पेटवतात. मिनिटाला चाळीस लाख लिटर पाणी बाहेर फेकतं.

मग स्नेक आणि बोल्सवार्डवरून आफ्सलाउटडाइक. आदल्या दिवशी जे पाहिलं ते सगळं ज्याच्यामुळे झालं, तो हा बांध. फ्रीसलंडच्या बाजूने गेलात तर सुरुवातीलाच कोर्नवेर्डरझांद लागतं, तिथे थांबा. बांधावर चढून उभं राहिलं की एका हाताला वाडन समुद्र, भरती-ओहोटीचा, खारा. ओहोटी असली तर नुसता चिखल आणि पक्षी. दुसऱ्या हाताला गोडं तळं, एका ठरावीक पातळीला धरलेलं. दोन्ही पाणी एकाच नजरेत येतं आणि दोन्हींची पातळी वेगळी दिसते. बांधावर बरीच वर्षं मजबुतीकरण चालू आहे, त्यामुळे कुठला थांबा उघडा आहे ते निघण्याआधी पाहून घ्या, आणि मधेच गाडी वळवता येईल असं समजू नका, वळायच्या जागा मोजक्या आहेत. वारा भयंकर असतो. सांगलीत एप्रिलमध्ये चाळीस अंश असतात, इथे दुपारी दहा-पंधरा. आई-बाबांना कानटोपी, वाऱ्याला अडवणारं जाकीट आणि मोजे हवेतच, शाल उडून जाते. छत्री आणू नका. बांध ओलांडून डेन ऊवर, होर्न, ॲमस्टरडॅमचा रिंगरोड आणि ए२ असं संध्याकाळी सहा-सातपर्यंत घरी. एवढं सगळं करून तुमच्या यादीतलं किंडरडाइक राहतं. राहू द्या. ते तुमच्या घरापासून सव्वा तासावर आहे, कुठल्याही रिकाम्या दुपारी होईल.

आता दक्षिणेचा पर्याय. ट्युलिपच्या तारखा जुळत नसतील तर हा दुय्यम आहे असं समजू नका. सांगलीच्या माणसांसाठी मला तर हाच अधिक जवळचा वाटतो.

शनिवारी सकाळी किंडरडाइक. १७४० च्या आसपासच्या १९ पवनचक्क्या, ओळीने, पाण्याच्या दोन्ही बाजूंना. पोल्डरमधलं पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून नदीत सोडण्यासाठी त्या बांधल्या. वाऱ्यावर चालणारे पंप म्हणून बघितल्या की त्यांची जागा आणि ओळ दोन्ही समजतात. पार्किंग आधी आरक्षित करा. मेच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी देशभरच्या पवनचक्क्या लोकांसाठी उघड्या असतात, तुमचा वीकेंड तोच असेल तर भाग्यच.

तिथून ए१५, ए२९ आणि एन५९ ने झीलंडमधल्या औवेरकेर्कला जा. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राचं वादळ आणि मोठी भरती एकत्र आली, बांध फुटले, आणि नेदरलँड्समध्ये १८३६ माणसं गेली. बहुतेक झोपेत होती. औवेरकेर्कजवळचं भगदाड शेवटचं, ते नोव्हेंबरमध्ये बुजवलं. त्यासाठी काँक्रीटच्या अजस्र पेट्या आणून पाण्यात बसवल्या. अशाच पेट्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तात्पुरत्या बंदरासाठी वापरल्या होत्या. पुराचं संग्रहालय आज त्याच चार पेट्यांच्या पोटात आहे. आत काँक्रीट गार असतं, उजेड कमी. चिखलातून निघालेल्या वस्तू आहेत: भांडी, बाहुल्या, घरातले फोटो. एका दालनात गेलेल्यांची नावं वाळूवर प्रकाशाने उमटत राहतात. २०१९ मध्ये ज्यांनी स्वतःच्या घरातून चिखल उपसला, त्यांना इथे भाषांतर लागत नाही. सहा वर्षांच्या मुलीला काय आणि किती दाखवायचं ते मात्र तुम्ही ठरवा. बाहेर मोकळी जागा आहे, एकाने तिच्यासोबत बाहेर थांबलं तरी चालेल.

मुक्काम झिरिकझीला. जुनं बंदर, जुन्या वेशी, संध्याकाळी फिरायला सपाट गाव. रविवारी सकाळी ऑस्टरस्केल्डेचा अडथळा-बांध. १९५३ नंतर खाड्यांची तोंडं बंद करायचं ठरलं, त्यातलं हे सगळ्यात मोठं काम, सुमारे नऊ किलोमीटर, १९८६ मध्ये पुरं झालेलं. आधी ही खाडी कायमची बंद करणार होते. कोळी आणि निसर्गप्रेमी रस्त्यावर उतरले, कारण भरती-ओहोटी थांबली असती तर शिंपले, कालवं, मासे सगळं संपलं असतं. मग १९७६ मध्ये ठरलं की एरवी उघडा राहील आणि वादळात बंद होईल असा बांध घालायचा. म्हणून ६२ पोलादी दरवाजे. एन५७ रस्ता त्यावरूनच जातो, मधल्या नेल्ये यान्स बेटावर थांबून दरवाजांच्या जवळ जाता येतं. दरवाजांखालून ओढीने घुसणारं पाणी बघितल्यावर बाबा कोयना-अलमट्टीशी ताडून प्रश्न विचारतील, तेव्हा हा फरक त्यांना सांगा: आपल्याकडे दरवाजे धरणात साठलेलं पाणी खाली सोडण्यासाठी उघडतात, इथे समुद्राला आत येऊ न देण्यासाठी बंद करतात. दुपारी फेरे किंवा मिडेलबुर्ख, आणि ए५८ ने सरळ आइंडहोवन.

लायसन्सचं. इथल्या नगरपालिकेत तुमची नोंदणी झाल्याच्या तारखेपासून १८५ दिवस भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते, त्यानंतर नाही. तुम्हाला चार-पाच महिने झालेत म्हणता, म्हणजे एप्रिलपर्यंत ही मुदत संपलेली असण्याची बरीच शक्यता आहे. आजच मोजा. तुम्हाला करातली ३० टक्क्यांची सवलत मिळत असेल तर परीक्षा न देता डच लायसन्स बदलून मिळतं, जोडीदारालाही. पण त्याला काही आठवडे लागतात, म्हणून अर्ज लगेच करा. सवलत नसेल तर इथली परीक्षाच द्यावी लागेल. मुदतीबाहेर गाडी चालवून अपघात झाला तर विमा हात वर करतो, तेव्हा "एक दिवसाने काय होतंय" असं करू नका. मुलीची उंची १.३५ मीटरपेक्षा कमी असेल तर तिला मुलांची सीट कायद्याने लागते, ती गाडी बुक करतानाच मागा.

रस्त्यावर: सकाळी सहा ते संध्याकाळी सात बहुतेक हायवेंवर ताशी १०० ची मर्यादा आहे, फलक वेगळं सांगत असेल तर फलक खरा. काही पट्ट्यांवर दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजतात, त्यामुळे कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून उपयोग नाही. लेनच्या वर लाल फुली दिसली तर ती लेन बंद, लगेच सोडा. वस्तीत फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, ती सायकल असली तरी. रस्त्यावर पांढरे त्रिकोण तुमच्याकडे टोक करून असतील तर तुम्ही थांबायचं. आणि सगळ्यांना सांगून ठेवा: गाडीचं दार उघडण्याआधी मागे वळून सायकल बघायची. टोल फारसे नाहीत, पण रॉटरडॅमच्या पश्चिमेला ए२४ वर नवा बोगदा आहे, तिथे नाका नसतो आणि पैसे तीन दिवसांत ऑनलाइन भरावे लागतात. नकाशाने तिकडून नेलं तर लक्षात ठेवा, नाहीतर दंडाचं पत्र गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत तुमच्याकडे येतं, वर तिचं शुल्क लावून.

खाण्याचं सोपं आहे. खेड्यांत रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर रात्री आठ-साडेआठला बंद होतं. पॅनकेक आणि बटाट्याचे फ्राइज शाकाहारी माणसालाही मिळतात, पण दोन दिवस त्यावर आपली माणसं निघत नाहीत. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि थर्मासमध्ये चहा घ्या. बांधाच्या आडोशाला, वारा चुकवून बसायला बाक असतात. हायवेवरच्या स्वच्छतागृहाला पैसे पडतात, कार्ड चालतं, सुटी नाणीही जवळ ठेवा.

तुमच्या तारखा आणि नगरपालिकेतल्या नोंदणीचा दिवस कळवा. एप्रिलचा उत्तरार्ध असेल तर एमेलोर्डच्या आसपासच्या खोल्या याच आठवड्यात बघायला लागा, तळमजल्याच्या खोल्या आधी संपतात.